वाचकांचे प्रश्न : बाळाभोवतीचे पाणी आणि पुड्यांचा आधार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच काळजीतून लिहिलेली आहेत. सोनोग्राफीत बाळाभोवतीचे पाणी कमी दिसले, आता काय खावे, काय प्यावे आणि कोणती पावडर घ्यावी, असे त्यांत विचारले आहे. पुण्यात एप्रिल-मेचा उन्हाळा कडक झाला की असे प्रश्न माझ्या बाह्यरुग्ण विभागातही वाढतात. त्यामुळे या वेळचा संपूर्ण भाग याच विषयाला देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला असून काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी २९ वर्षांची असून सिंहगड रस्त्यावर राहते. ही माझी पहिलीच खेप आहे. ३१व्या आठवड्यातील सोनोग्राफीत ए.एफ.आय. ७.५ आला. बाळाचे वजन आणि डॉप्लर (बाळाच्या रक्तप्रवाहाची तपासणी) ठीक असल्याचे सांगितले. डॉक्टरांनी आर्जिनिनच्या पुड्या दिवसातून दोनदा आणि गरोदरपणातील प्रोटीन पावडर दिली आहे. दोन्हींचा खर्च आम्हाला जड जातो. याच पुड्यांनी आपले पाणी वाढले असे एक मैत्रीण सांगते, तर माझी बहीण म्हणते की यांचा काहीही उपयोग नसतो. मी त्या घ्याव्यात का? न घेतल्यास बाळाला धोका होईल का?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात. बाळाचे वजन आणि डॉप्लर ठीक आहे, हे ते वाक्य. ७.५ या आकड्यापेक्षा ते कितीतरी अधिक सांगून जाते, म्हणून आधी हा आकडा नेमका काय आहे ते पाहू.

सोनोग्राफी करताना पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागात पाण्याचा सर्वांत खोल उभा साठा सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि त्या चार मापांची बेरीज करतात. ही बेरीज म्हणजे ए.एफ.आय. ती ५ पेक्षा कमी आली तर गर्भजल कमी असल्याचे मानतात आणि ५ ते ८ या पट्ट्याला सीमारेषेवरचे म्हणतात. तुमचे माप या पट्ट्यात आहे. पाण्याचा साठा वेडावाकडा असतो, बाळ सतत हलत असते, नाळेची वेटोळी मध्ये येतात आणि तपासणी करणाऱ्याच्या हाताचा दाबही कमी-जास्त असतो. त्यामुळे एकाच स्त्रीचे माप एकाच दिवशी दोघांनी घेतले तरी एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. समजा, मागच्या वेळी ९ होते आणि आता ७.५ झाले म्हणजे दीड सेंटिमीटर पाणी ‘गेले’, असा हिशेब म्हणूनच करता येत नाही.

आता हे पाणी येते कोठून ते पाहू. आईने प्यायलेले पाणी थेट गर्भपिशवीत जाऊन साठते, अशी समजूत घरोघरी आहे आणि पुड्यांचा सगळा व्यवहार या समजुतीवरच उभा आहे. प्रत्यक्षात गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होते आणि काही भाग बाळाच्या फुप्फुसांतून स्रवतो. बाळ तेच पाणी गिळते आणि पुन्हा लघवीवाटे बाहेर टाकते. ही ये-जा इतकी वेगवान असते की दिवसभरात जवळजवळ सगळे पाणी नवे होते. साधारण ३४ ते ३६व्या आठवड्यात ते सर्वाधिक, म्हणजे सुमारे ८०० मिलिलिटर असते आणि पुढे दिवस भरत जातात तसे आपसूक कमी होऊ लागते.

सोसायटीच्या टाकीत पाणी कमी दिसले तर आपण वरून कळशीने पाणी ओतत बसत नाही. टाकीला गळती आहे का, मोटर चालते का आणि मुळात खालून पाणी येते का, या तीन गोष्टी आधी पाहतो. इथेही तेच करायचे असते. पाणमोटेला कोठे बारीक छिद्र पडून पाणी झिरपत तर नाही ना? बाळाची मूत्रपिंडे आणि लघवीचा मार्ग नीट आहे ना? वारेतून (प्लासेंटातून) बाळाला पुरेसा रक्तपुरवठा होतो आहे ना? वार कमकुवत झाली, विशेषतः आईचा रक्तदाब वाढल्यामुळे, की बाळ आपले रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवते. मग मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते, लघवी कमी होते आणि पाणी घटते. अशा वेळी कमी पाणी हे मूळ दुखणे नसून दुखण्याची खूण असते. तुमच्या बाळाचे वजन आणि डॉप्लर ठीक असल्यामुळे ही तिसरी शंका पुष्कळशी दूर झाली आहे.

पुड्यांकडे येते. आर्जिनिन हे एक अमिनो आम्ल आहे. शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात. वारेतील रक्तवाहिन्या सैल झाल्या तर बाळाला रक्त अधिक मिळेल आणि पाणी वाढेल, असा यामागचा तर्क आहे. तो निराधार नाही. भारतातील काही छोट्या अभ्यासांत या पुड्या घेतलेल्या स्त्रियांचे पाणी वाढल्याचेही दिसले आहे. मात्र यांपैकी अनेक अभ्यासांत पुडी न घेणाऱ्या स्त्रियांचा तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि अशा तुलनेशिवाय पाणी पुडीमुळे वाढले की त्याच काळात भरपूर पाणी प्यायल्याने, विश्रांतीने किंवा मोजमापातील फरकाने, हे सांगता येत नाही. तुमच्या मैत्रिणीच्या अनुभवाबाबतही मी हेच म्हणेन. तिचे पाणी वाढले हे खरे असेल. पण सीमारेषेवरचे पाणी कोणतेही औषध न घेता पुढच्या तपासणीत वाढलेले अनेकदा दिसते. पुड्यांमुळे बाळाचे आरोग्य सुधारते, हे तर अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे पुड्या घेतल्या नाहीत म्हणून बाळाचे नुकसान झाले, असा दोष तुम्ही स्वतःला लावून घेऊ नये.

नेहमीच्या मात्रेत या पुड्यांचा मोठा अपाय होत नाही. काहींना मळमळ, पोटफुगी किंवा जुलाब होतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर रक्तदाब अधिक उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी. सहज लक्षात आले म्हणून सांगते, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ३ ग्रॅम आर्जिनिन असते. तीळ, हरभरे आणि डाळींतही ते चांगल्या प्रमाणात असते. शेंगदाणे खाऊन पाणी वाढेल असे मला मुळीच म्हणायचे नाही. जी वस्तू आपल्याला दुर्मीळ औषध वाटते ती आपल्या कुटात आणि आमटीत रोज असते, एवढेच ध्यानात यावे.

प्रोटीन पावडरीबद्दल माझे मत अधिक स्पष्ट आहे : तिने गर्भजल वाढते याला भरवशाचा पुरावा नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार शेवटच्या तीन महिन्यांत रोज सुमारे २२ ग्रॅम जादा प्रथिने लागतात. दोन मोठे कप दूध आणि एक अंडे यांतून जवळजवळ तेवढी मिळतात. अंडे खात नसाल तर मूठभर फुटाणे किंवा वाटीभर मटकीची उसळ घ्या. ज्या स्त्रियांना पोटभर अन्नच मिळत नाही त्यांना संतुलित पूरक आहार दिल्याचा लाभ होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. मात्र केवळ प्रथिनांचा भरणा असलेले पूरक देऊ नये, असेही त्यातच सांगितले आहे. ज्या स्त्रीला उलट्यांमुळे जेवणच जात नाही तिच्यासाठी पावडर ही सोय आहे. तुमचे जेवण चांगले चालू असेल तर ते पैसे दूध, फळे आणि भाजीवर खर्च करा.

याउलट ज्या उपायाला खरोखर आधार आहे, तो नळाला येतो. आईने दोन लिटर पाणी काही तासांत प्यायल्यावर गर्भजलाचे माप वाढते आणि कमी पाणी असलेल्या स्त्रियांत ही वाढ साधारण एक ते दोन सेंटिमीटर असते, असे नियंत्रित अभ्यासांत दिसले आहे. आईचे रक्त थोडे पातळ झाले की वारेतून बाळाकडे पाणी सरकते आणि बाळाला लघवी अधिक होते, असा हा मार्ग आहे. परिणाम टिकाऊ नसतो, म्हणून पाणी रोज आणि दिवसभर विभागून प्यावे लागते. दहा ते बारा पेले हे साधारण प्रमाण धरा, उन्हात जाणे झाले तर त्याहून थोडे अधिक. एका दमात चार-पाच लिटर पिण्याचा अट्टहास मात्र करू नका. रक्तातील सोडियम घसरते आणि ते घातक ठरू शकते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या, अथवा रक्तदाब वाढून अंगावर सूज आलेल्या स्त्रियांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे.

पुड्या बंद करायच्या असतील तर तुमच्या डॉक्टरांना सांगून करा. खर्च झेपत नाही, हे सांगण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्याच वेळी ‘माझे पाणी कशामुळे कमी असावे’ हाही प्रश्न विचारा आणि पुढची सोनोग्राफी कधी करायची ते ठरवून घ्या. तुमच्यासारख्या स्थितीत ती साधारण एक-दोन आठवड्यांनी करतात. तोपर्यंत बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवा. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजल्यास दोन तासांत दहा हालचाली जाणवाव्यात. त्या जाणवल्या नाहीत किंवा बाळाची नेहमीची चुळबुळ स्पष्टपणे कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : माझ्या सुनेला आठवा महिना लागला आहे. पाणी थोडे कमी असल्याचे सांगितल्यापासून मी तिला रोज चार-पाच शहाळी देते, सकाळी शतावरी कल्प घातलेले दूध देते आणि जेवणात साजूक तूप वाढवले आहे. पोटात गारवा धरेल म्हणून नुसते पाणी मात्र बेताने देते. आमच्याकडे मांसाहार नाही. आणखी काय द्यावे? (सदाशिव पेठ)

उत्तर : आपण सुनेसाठी किती मनापासून करता आहात ते पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहिते : साधे पाणी बेताने देणे आजच थांबवावे. गरोदरपणात पाण्याने गारवा धरत नाही, आणि या स्थितीत जो एक उपाय खरोखर उपयोगी आहे, नेमका तोच आपल्या हातून कमी होतो आहे.

शहाळ्याचे पाणी चांगले आहे, पण त्यात गर्भजल वाढवणारे असे वेगळे काही नाही. लाभ होतो तो त्यातील पाण्याचाच. दिवसाला एखादे शहाळे पुरेसे आहे. त्यात पोटॅशियम बरेच असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते टाळावे लागते, आणि गरोदरपणातील मधुमेह असेल तर त्यातील साखरही मोजावी लागते. उरलेल्या शहाळ्यांऐवजी तांब्याभर पाणी तिच्या उशाशी ठेवावे. ताक, पातळ वरण, भाताची पेज, कोकम सरबत हे सारे चालते. फक्त रक्तदाब वाढलेला असेल तर मीठ बेताने घालावे. जुलाबावर देतात ती क्षार-साखरेची पुडी रोजचे पेय म्हणून देऊ नये.

शतावरी कल्पाबद्दल : दुकानात मिळणाऱ्या अनेक कल्पांत साखरेचाच भाग मोठा असतो. त्याने गर्भजल वाढते, असे दाखवणारा भक्कम अभ्यास नाही. तो द्यायचाच असेल तर वैद्यांना आणि प्रसूतितज्ज्ञांना, दोघांनाही एकमेकांच्या औषधांची माहिती द्यावी. शिसे किंवा पारा असण्याची शक्यता असलेली भस्मे मात्र गरोदर स्त्रीला देऊ नयेत. तुपाने वजन वाढेल, पाणी वाढणार नाही. चमचा-दोन चमचे ठीक आहे.

आणखी काय द्यावे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या जवळच मिळते. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा १९९३ पासून दीर्घ अभ्यास केला. आईच्या आहारातील एकूण उष्मांक किंवा प्रथिने यांचा बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी ठळक संबंध त्यात दिसला नाही. ज्या स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेत होत्या, त्यांची बाळे मात्र अधिक भरलेली होती. हा अभ्यास गर्भजलाबद्दलचा नव्हता, हे खरे. तरीही बाळाच्या वाढीसाठी ताटात काय असावे हे त्यावरून उमगते : मेथी, चाकवत, राजगिरा, अळू, शेपू, त्या दिवसांतले फळ आणि दोन वेळा दूध. त्याच अभ्यासात दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले होते. आपले घर शाकाहारी आहे, म्हणून सुनेचे बी-१२ तपासून घ्यावे आणि कमी असल्यास डॉक्टर देतील ती गोळी चालू करावी. हे पूरक तिला बाजारातल्या कोणत्याही पावडरीपेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

प्रश्न : २७वा आठवडा. आयटीतील बैठ्या कामामुळे पाठ फार दुखते, म्हणून महिनाभर औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून अधूनमधून घेतली. आता पाणी कमी झाले आहे. दोन्हींचा संबंध असू शकतो का? मला गरोदरपणाआधीपासून रक्तदाबाचीही गोळी चालू आहे. (हडपसर)

उत्तर : संबंध असू शकतो, आणि तुम्ही हा प्रश्न विचारलात हे फार बरे केले, कारण पावडरीच्या डब्यांकडे वळण्यापूर्वी औषधांची यादी पाहायला हवी, याची आठवण फारशी कोणाला होत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामकांनी बाळाच्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी होतो, लघवी घटते आणि पाणी कमी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली २०व्या आठवड्यापासून पुढे ही औषधे टाळण्याचा इशारा दिला, तो याच कारणासाठी. गोळी थांबवल्यावर पाणी बहुधा पूर्ववत होते. पाठदुखीसाठी पॅरासिटॅमॉल डॉक्टरांना विचारून घेता येईल. शेक, बसण्याची योग्य पद्धत आणि दर तासाने थोडे उठून चालणे यांचाही चांगला उपयोग होतो.

रक्तदाबाच्या गोळीचे नाव पत्रात नाही. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या गटांतील गोळ्या गरोदरपणात देत नाहीत. त्यांनी बाळाची मूत्रपिंडे कायमची दुखावू शकतात आणि पाणी जवळजवळ नाहीसे होऊ शकते. तुमची गोळी यांपैकी असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. लाबेटॅलॉल किंवा निफेडिपीन यांसारखा पर्याय ते लगेच सुरू करतील. स्वतःच्या मनाने सगळी औषधे बंद करून बसू नका, कारण अनियंत्रित रक्तदाबानेही वार खराब होते. डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेत ॲस्पिरिन दिले असेल तर तेही वेदनाशामक समजून थांबवू नका. ते वेगळ्या हेतूने दिलेले असते.

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात कामाला आहे. पत्नीला ३७ आठवडे पूर्ण झाले. ए.एफ.आय. ४.२ आल्यामुळे दाखल होऊन कळा आणण्याचे औषध घ्यावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात. अमिनो आम्लांचे सलाईन आठ दिवस लावून पाणी वाढवता येईल आणि सीझर टळेल, असे एका नातेवाइकाने सांगितले. काय करावे?

उत्तर : हा प्रश्न ३०व्या आठवड्यात आला असता तर माझे उत्तर वेगळे झाले असते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असताना पाण्याने, विश्रांतीने आणि काटेकोर देखरेखीने आठवडा-दोन आठवडे मिळवणे हे मोलाचे असते. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळाची फुप्फुसे बहुधा तयार झालेली असतात, आणि कमी पाण्यात नाळ दबण्याची किंवा वार थकलेली असण्याची जोखीम पत्करून आठ दिवस आणखी थांबण्यात लाभ थोडा आणि धोका अधिक असतो. अमिनो आम्लांच्या सलाईनने माप तात्पुरते वाढले तरी वार तरुण होत नाही. साध्या क्षारयुक्त सलाईनपेक्षा तोंडाने प्यायलेले पाणी या कामी अधिक परिणामकारक असते, हेही लक्षात घ्या.

तरीही डॉक्टरांना एक गोष्ट अवश्य विचारा : पाण्याचा सर्वांत खोल एकच साठा किती आहे? तो २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तरच पाणी खरोखर कमी आहे, असे मानण्याकडे आता तज्ज्ञांचा कल आहे. चार मापांच्या बेरजेवर विसंबून राहिल्यास अधिक स्त्रियांना कळा आणाव्या लागतात, पण बाळांचा त्यात वेगळा फायदा होत नाही, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. तुमच्या पत्नीचा हा साठा, बाळाचे वजन, डॉप्लर आणि हृदयाच्या ठोक्यांचा आलेख हे चारही समोर ठेवून निर्णय व्हावा. साठा २ पेक्षा कमी असेल तर ३६ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास प्रसूती करवणे हेच मान्य धोरण आहे आणि तुमचे डॉक्टर त्याला धरूनच बोलत आहेत.

पाणी कमी म्हणजे सीझर, हे समीकरण मनातून काढा. बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून कळा आणल्यास अनेक स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होते. ठोके बिघडले तर सीझर करावे लागेल, त्या वेळी मात्र वेळ घालवू नका. खर्चाची अडचण असेल तर ससून सर्वोपचार रुग्णालयात सोय आहे. सरकारी रुग्णालयात जाण्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. सलाईनचा विचार करण्यात आठवडा घालवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : २१व्या आठवड्यात बाळाभोवती जवळजवळ पाणीच नाही, असे सांगितले. बाळाची मूत्रपिंडे स्पष्ट दिसत नाहीत, असेही अहवालात लिहिले आहे. परगावच्या एका औषधी चूर्णाने असे पाणी भरून आल्याची उदाहरणे आम्हाला ऐकवली जात आहेत. आम्ही ते सुरू करावे का?

उत्तर : तुमचे पत्र वाचून मन फार जड झाले. तुम्हाला खोटी आशा दाखवणे हा तुमच्यावर अन्याय होईल. वर लिहिल्याप्रमाणे या टप्प्यावरचे पाणी बाळाच्या लघवीतून येते. दोन्ही मूत्रपिंडे तयारच झाली नसतील तर आईने काहीही घेतले तरी पाणी तयार होऊ शकत नाही, आणि पाण्यावाचून बाळाची फुप्फुसे वाढत नाहीत. कोणतेही चूर्ण, पुडी किंवा सलाईन ही उणीव भरून काढू शकत नाही. यात तुमच्या खाण्यापिण्यातली किंवा वागण्यातली कोणतीही चूक नाही, आणि तसे कोणी सुचवले तर ते मानू नका.

मात्र ‘स्पष्ट दिसत नाहीत’ आणि ‘नाहीत’ यांत फरक आहे. पाणी नसले की चित्र पुसट येते. म्हणून गर्भवैद्यक तज्ज्ञाकडून सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. पाणमोट आधीच फुटली आहे का, मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या दिसतात का, मूत्राशय भरतो का, लघवीच्या मार्गात अडथळा आहे का, हे ते पाहतील. कारण प्रत्येक उत्तराबरोबर पुढचा मार्ग बदलतो. ही तपासणी याच आठवड्यात व्हावी. निदान पक्के झाले आणि तुम्ही गर्भपाताचा निर्णय घेतला, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार बाळात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. तरीही उशीर जितका कमी, तितका तुमच्या शरीराला त्रास कमी. निर्णय तुम्हा दोघांचा आहे, आणि गर्भ ठेवण्याचा निर्णय घेतलात तर त्यातही डॉक्टरांनी तुमच्या सोबत राहिले पाहिजे. पुढच्या खेपेपूर्वी दोघांच्याही मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि आनुवंशिक सल्ला घ्यावा.

प्रश्न : पाणी वाढवण्याच्या पावडरीत लोह आणि कॅल्शियम असते, असे डब्यावर लिहिले आहे. मग सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का? (भोसरी)

उत्तर : चालणार नाही. सरकारी लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती रोज एक, किमान १८० दिवस घ्यायची असते. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असते. पावडरीच्या दोन चमच्यांत यांचे प्रमाण बरेच कमी असते. लोह आणि कॅल्शियम मात्र एकाच वेळी घेऊ नका. लोह लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम जेवणानंतर, मध्ये दोन तास सोडून घ्या. दूध, चहा किंवा दुधात घातलेली पावडर यांच्याबरोबरही लोह घेऊ नका, ते अंगी लागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते. तेथे तुमचे हिमोग्लोबिन पाहून घ्या आणि पावडरीचा डबाही सोबत न्या.

प्रश्न : ३३वा आठवडा. पाणी कमी म्हणून पुड्या चालू आहेत. चार दिवसांपासून अंतर्वस्त्र वारंवार ओले होते. लघवी होत असावी असे वाटते. पुढची तपासणी दहा दिवसांनी आहे. तोपर्यंत पुड्यांचे प्रमाण वाढवू का? (पत्ता दिलेला नाही, दूरध्वनी क्रमांक दिला आहे)

उत्तर : तुमचे पत्र उघडले त्याच दुपारी आमच्या कार्यालयातून तुम्हाला दूरध्वनी करून रुग्णालयात जाण्यास सांगितले आहे, हे उत्तर तुमच्यासारख्या इतर भगिनींसाठी छापत आहोत. पाणी कमी आहे आणि ओलेपणाही आहे, तर पाणमोट फुटली नसल्याची खात्री होईपर्यंत ती फुटली आहे असेच समजून चालावे. लघवीला वास आणि पिवळसर रंग असतो. गर्भजल पातळ, फिकट आणि बहुधा बिनवासाचे असते, आणि उठल्यावर, खोकल्यावर ते अधिक जाते. स्वच्छ पॅड लावून तासाभराने तो पाहा, पण घरी खात्री करत बसू नका, तो पॅड घेऊनच निघा. पाणी हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त असेल, ताप असेल, रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल कमी असेल तर क्षणाचाही उशीर करू नका. रुग्णालयात साध्या तपासणीने निदान होते. पाणमोट फुटली असल्यास जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविके देतात, आणि ३४ आठवड्यांच्या आत असाल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनेही देतात. ती वेळेवर मिळावीत म्हणून रात्र असली तरी निघावे.